रझिया आपांचा ट्रे

"मोरे, किडे तुमच्या टेबलावरून गेलेत! काय झोपा काढून राहिलात का?" मॅनेजर फोनवर ओरडत होता. लातूरच्या एका हॉटेलवाल्यानं आमचा माल परत पाठवला होता.

नांदेडजवळच्या एका फिश प्लांटमध्ये मी क्वालिटी बघतो. तिलापिया मासा सोलून, काटे काढून जो सपाट तुकडा निघतो, तो फिले. आमच्या काचेच्या टेबलांखाली दिवा असतो. त्यावर फिले ठेवला की मांस उजळतं. पापुद्रे सुटलेले, रक्ताचे डाग, सगळं कळतं. किडा असेल तर ज्वारीच्या दाण्याएवढी काळी सावली दिसते.

परत आलेली पाकिटं फोडली. किडे होते, पण सगळे फिलेच्या कडेला. मधोमध एकही नाही. पाकिटांवर टेबल नंबर तीन. म्हणजे रझिया आपा. कॉलेजात मी किड्यांची नावं पाठ केली, पण किडा बघायला आपांनी शिकवलं.

शेजारच्या टेबलावरच्या सुनीताला बाजूला घेतलं. ती रडायलाच लागली.

"आपाला कडंचं दिसत न्हाई, साहेब. लई दिवस झाले. त्यांचा ट्रे आम्ही दोन्ही बाजूच्या दोघी परत बघूनच सोडतो. त्या दिवशी आम्ही लग्नाला कंधारला गेलतो."

"मग मला सांगायचं नाही?"

"त्यांनीच शिकवलं ना आम्हाला. कोणत्या तोंडानं सांगावं?"

आपांना डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. यात दुखत-खुपत काही नाही, कडेची नजर गुपचूप जाते आणि गेलेली परत येत नाही. हेच डॉक्टर दर सहा महिन्यांनी प्लांटवर डोळे तपासायचा कॅम्प घेतात. त्यांनी विचारलं, "या कधी कॅम्पला कशा आल्या नाहीत?"

आपा उठल्या की काम अडायचं, म्हणून मीच त्यांना टेबलावर बसवून ठेवायचो. त्यांची नजर काय तपासायची, असं म्हणून कॅम्पच्या फॉर्मवर 'ठीक' लिहून सही ठोकायचो.

बाहेर आल्यावर आपा म्हणाल्या, "बेटा, आता मला टेबलावर बसवू नको. लोकांच्या पोटात जातं ते." मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला.

आता कॅम्पच्या दिवशी मी टेबलं बंद ठेवतो. ज्यांची नजर सगळ्यात चांगली, त्यांना सगळ्यात आधी पाठवतो.