पोथी वाचायचं यंत्र मी कसं निवडलं

"बुवा, यंदा स्पीकरवर लावू पोथी. तुम्हीबी बसा ऐकाले." वामनराव असं म्हणाले तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर चहा पीत होतो. कप खाली ठेवला.

"काऊन? मी मेलो का?"

"तसं नाही हो. मागच्या श्रावणात तुम्ही एकच ओवी दोनदा म्हटली, अन् पुढच्या गाळल्या. लोकं बोलून राह्यले."

आमच्या डोणगावात श्रावणात पोथी लावतात. म्हणजे महिनाभर रोज एका घरी बसून पोथी वाचायची. मी वाचक. वाचक ओवी चालीवर म्हणतो, अर्थ सांगणारा माणूस वेगळा असतो. शाळा मी चौथीत सोडली, पण वाचनात माझा हात धरणारा आसपास नव्हता. आजही नाही. फक्त डोळ्याचा पडदा खराब झाला. त्याला ऑपरेशन नाही म्हणतात. भिंग धरलं तर दोनच शब्द दिसतात आणि चाल तुटते. स्पीकर एकदा लागला की वाचकाची जागा गेली, ती परत येत नाही.

"पहिल्या दिवशी वाचतो. चुकलो तर स्पीकर लावा," मी म्हणालो.

"हाव, चालन," वामनराव म्हणाले. त्यांचा मुलगा सचिन हसला. स्पीकर त्याचाच होता.

माझी पुतणी सुनीता बुलढाण्याला कॉलेजात शिकवते. तिला हे कळलं तेव्हा ती दोन ई-रीडर घेऊन आली, एक तिचं आणि एक तिच्या मैत्रिणीचं. ई-रीडर म्हणजे शाळेच्या पाटीसारखं यंत्र. त्यात पुस्तक भरायचं आणि अक्षर पाहिजे तेवढं मोठं करायचं. मोबाईलसारखं ते चमकत नाही, कागदासारखं दिसतं. पोथी तिनं दोन्हीत भरूनच आणली होती.

मी दोन्ही मांडीवर घेऊन बसलो. पहिलं मोठं, टचवालं. बोट लावलं की पान पलटतं. अक्षर बोराएवढं केलं तरी ओवीचा चरण एका ओळीत मावतो. दुसरं लहान आणि जुन्या धर्तीचं. त्याला कडेला बटन, टच नाहीच. अक्षर तेवढंच मोठं केलं की चरण मधेच तुटून खालच्या ओळीत जातो.

"मोठेबाबा, बटनवालं घ्या. त्याची बॅटरी लय चालते."

"बॅटरीले काय चाटू? चरण तुटला की दम तुटते. मोठं घेतो."

"एकदा माह्यं ऐकून तं पाहा."

"तुह्यं ऐकून तुह्या बापाचं कोणतं भलं झालं?"

ती हसली आणि लहान यंत्र पिशवीत टाकून गेली. मोठं आधी श्रावणभर वापरून पाहायचं आणि मगच विकत घ्यायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी वामनरावांच्या बैठकीत चौरंगावर यंत्र ठेवलं. कुजबुज झाली, पण मी लक्ष दिलं नाही. अक्षर लख्ख दिसत होतं. पहिला अध्याय मी असा म्हटला की अर्थ सांगणारे गुरुजीही डोलायला लागले.

दुसऱ्या अध्यायात एक बाई उशिरा आली. आमच्याकडे पोथी चालू असताना कोणी आलं तर आधी पोथीच्या पाया पडतं, मग बसतं. पोथीवर हात टेकवायचा, तो कपाळाला लावायचा, फूल वाहायचं. तिनं तसंच केलं. हात टेकला आणि पान पळालं. ओलं फूल पडलं आणि आणखी पळालं. मी मागे आणायला बोट लावलं, तर मागून दुसऱ्याचा हात आला. कोणता अध्याय कुठे गेला, मला कळेना.

मी थांबलो नाही. पाठ होतं तेवढं डोळे मिटून म्हटलं. मग एका चरणावर अडकलो.

"पाहा, अडकले," सचिन म्हणाला. "लावू का?"

मागून वामनरावांच्या थोरल्या बहिणीनं, अनसूयाबाईंनी, पुढचा चरण म्हटला. त्यांच्याबरोबर आणखी दोघी बायांनी म्हटला. त्यांनी जन्मभर ऐकलंय, त्यांना येतं. मी सूर उचलला आणि अध्याय पुरा केला.

"अडकले तं आम्ही सांगतो ना," अनसूयाबाई सचिनला म्हणाल्या. "तुह्या डब्यात लाईट गेली तं कोण सांगन? तू?"

बाया हसल्या. वामनराव खाली पाहून म्हणाले, "ठेव तो आत, बे."

दुसऱ्या दिवसापासून चौरंगावर खरी पोथी ठेवली. हळद, कुंकू, फूल, हात, सगळं तिच्यावर. यंत्र मी मांडीवर घेतलं. तरी पंचाईत राहिलीच. मोठं यंत्र हातात धरलं की अंगठा काचेवर जातो आणि पान पलटतं. शेवटी सुनीताला फोन केला. तिनं लहान यंत्र पाठवलं आणि एक अक्षर बोलली नाही, हे तिचं चांगलं.

श्रावण त्याच्यावर काढला आणि मग तसंच बटनवालं विकत घेतलं. चरण अजून तुटतो. तुटल्या जागी दम कसा राखायचा ते मी बसवलं. पण पान मी म्हणेन तेव्हाच पलटतं.

कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. यंत्र घरी बसून पसंत करू नका. जिथं वापरायचं तिथं, त्याच माणसांत नेऊन पाहा. सुनीता आधीच बटनवालं म्हणाली होती, हे खरं आहे. पण ती बॅटरीसाठी म्हणत होती.