पहिल्याच नकोचा बळी

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी बरोबर सव्वा वाजता, शिवऱ्याला हायवेवरच्या एका नव्याकोऱ्या मेक्सिकन हॉटेलात माझ्या मावशीच्या यजमानांना, म्हणजे काकांना, उपाशी ठेवण्यात आलं. समोर डझनभर भांडी शिगोशीग भरलेली होती, वाढणारी मुलगी हसतमुख होती, जेवायला नेणाऱ्याची दानत चांगली होती, आणि तरीही भोर-वेल्हे या दोन तालुक्यांतल्या सर्वश्रेष्ठ वाढप्याच्या हातात कोरडी पोळी पडली. मी याचा जाहीर निषेध करतो. पत्रकं लिहून लिहून मला तशी सवय लागली आहे हे खरं, पण हा निषेध मनापासूनचा आहे.

वाढपी म्हणजे पंगतीत बादली घेऊन फिरणारा माणूस, एवढंच तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही काकांच्या हातचं जेवलेला नाहीत. काका आंबवड्याजवळचे शेतकरी. पण लग्नसराई लागली की त्यांची पितळी बादली आणि ते, दोघं घरात ठरत नाहीत. कुणाच्या लग्नात वाढायचं याला त्यांच्याकडे जात-धर्म नाही. भोरातल्या मुसलमान घरांतल्या लग्नांनाही त्यांना मुद्दाम बोलावणं येतं. "ताटाकडं बघायचं, तोंडाकडं न्हाई. तोंड लई खोटं बोलतं," हे त्यांचं शास्त्र. त्यांच्या हिशेबी माणसाचे नको तीन असतात. पहिला रीतीचा, दुसरा लाजेचा आणि तिसरा पोटाचा. पोटाचा तेवढा ऐकायचा. पत्रावळीवर आडव्या धरलेल्या हाताची बोटं जरा जरी फाकलेली दिसली, तरी काका त्या फटीतून जिलबी सोडतात, आणि आजवर एकाही माणसाने ती परत दिलेली नाही. वेल्ह्याकडच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचा चुलता मानपानावरून रुसला, हात बांधून पानावर बसला. सगळे पुढारी समजूत घालून थकले. काका त्याच्यापुढे ताट घेऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुमी घेतल्याबिगर मी उठत न्हाई, आन् मी उठल्याबिगर पंगत उठत न्हाई. बघा काय ते." अर्ध्या तासाने चुलत्याने नऊ जिलब्या खाल्ल्या आणि वर मठ्ठा मागितला. एवढं यशस्वी उपोषण-सोडवणं मी आमच्या चळवळीतही पाहिलेलं नाही.

आता गंमत अशी, की दुसऱ्याचे तिन्ही नको ओळखणारा हा माणूस स्वतः पाहुणा झाला की पहिल्या नकोवर अडून बसतो. तोंडाने मागून खाणं त्यांच्या लेखी भीक. आमच्याकडे आले की आई चहाचं दोनदा विचारते, तिसऱ्यांदा न विचारताच कप ठेवते. एकदा आई घरी नव्हती आणि माझा पुण्याचा एक कार्यकर्ता मित्र एकटाच होता. त्याने विचारलं, "काका, चहा?" काका म्हणाले, "नको नको." मित्र म्हणाला, "बरं." काका तासभर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "त्यो पुण्याचा पोरगा लई खरा हाय. नको म्हटलं की लगीच ऐकतो."

तर काकांच्या एकुलत्या एका मुलीचं, म्हणजे माझ्या मावसबहिणीचं, लग्न ठरलं. जावई पुण्यात कंपनीत. मुलगा इतका सालस की त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, हीच माझी अडचण. त्याला लग्नात बुफे हवा होता. आपल्या आवडीचं आपण घ्यावं, कुणाचं अन्न वाया जाऊ नये, असं त्याचं म्हणणं. ते काकांना पटावं म्हणून त्याने आम्हा तिघांना, काका, मावसबहीण आणि मला, त्या हॉटेलात नेलं. तिथे पंख्याएवढी मैद्याची पोळी घेतात आणि काचेपलीकडच्या भांड्यांतलं तुम्ही सांगाल ते तिच्यात भरतात.

"सर, भात घालू?" मुलीने विचारलं.

"नको, नको," काका म्हणाले आणि वाट बघत थांबले.

मुलगी पुढच्या भांड्याकडे सरकली. "राजमा?"

"र्‍हाऊ द्या."

"पनीर की चिकन?"

"आता कशाला बाई उगीच."

कांदा-टोमॅटो, दही, चीज, कुठल्याशा फळाची हिरवी चटणी, सगळी भांडी अशीच गेली. प्रत्येक भांड्यापाशी काका क्षणभर रेंगाळत. शेवटी त्या मुलीने ती रिकामी पोळी बाळ गुंडाळावं तशी चंदेरी कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. मी, अन्यायाविरुद्ध घसा फोडणारा मी, तेव्हा तिखट चटणी घ्यावी की अतितिखट, या विचारात होतो. माझं लक्षच नव्हतं.

टेबलावर काकांनी कोरडी पोळी शांतपणे चावून खाल्ली. "झ्याक हाय. जरा वातड हाय, पर झ्याक," म्हणाले. मावसबहिणीच्या लक्षात आलं. तिने आपली अर्धी पोळी वडिलांपुढे सरकवली. "दादा, घ्या." "नको गं." "घ्या म्हंते ना!" "तू खा की." "आता घेतली न्हाई तर बघा हां!" तेव्हा कुठे त्यांनी घेतली.

मग जावयाने विचारलं. अगदी मनापासून विचारलं. "काका, तुम्हाला पंगतच हवी असेल, तुम्हालाच वाढायचं असेल, तर तसं करू. तुम्ही फक्त सांगा."

"न्हाई, न्हाई जावईबापू," काका हसून म्हणाले. "माझं काय! तुमी म्हणाल तसं."

"नक्की ना? बरं झालं," जावई म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत बुफे ठरलासुद्धा.

मी काकांच्या घरी जाऊन भांडलो. ते अंगणात चिंच लावून बादली घासत होते. म्हणाले, "तू गप र्‍हा. माझ्या नावानं पत्रकं काढू नको."

"मग बादली कशाला घासताय?"

"पाव्हणं येत्याल. काळी दिसाया नको." आणि आधीच लखलखलेल्या बादलीवर त्यांनी पुन्हा चिंच फिरवली. तीस वर्षं लोकांच्या पोरींच्या लग्नात वाढलेला माणूस स्वतःच्या पोरीच्या लग्नात हात मोकळे सोडून कोपऱ्यात उभा राहणार, हे मला बघवणार नाही.

म्हणून वाचकहो, माझी मागणी तुमच्याकडे आहे. लग्न येत्या माघात, भोरात आहे. पत्रिका मिळाली असेल तर या, नसेल तरी या. आत शिरल्यावर बुफेच्या टेबलांकडे फिरकू नका. भिंतीला पाठ लावा, दोन ओळी धरा, मांडी घाला, आणि काका बादली घेऊन येईपर्यंत उठू नका.