चार ओळी

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आज बागेतल्या बाकाला रंग देणाऱ्या माणसामुळे लिहायला बसलो. बाकावर देणगीदाराचं नाव कोरलेलं होतं आणि रंगारी एकेका अक्षराच्या कडेने बारीक ब्रश फिरवत होता.

"एवढं कशाला जपता?" मी विचारलं.

"काका, फुकट बसतो ना आपण? मग नाव तरी राहू द्या की त्याचं!"

शरयू आमच्या ऑफिसात माझ्या हाताखाली प्रोग्रामर होती. घरी बसून तिने एक छोटी संगणकभाषा लिहिली होती, कुठल्याही मोठ्या प्रोग्रामच्या पोटात बसवता येईल अशी. कोणीही घ्यावी, बदलावी, विकावी. अट एकच, फाईलच्या माथ्यावर तिच्या नावाच्या चार ओळी राहू द्याव्यात. मी ती आमच्या प्रोग्राममध्ये बसवली आणि त्या चार ओळी काढून टाकल्या. साहेबांना वाटलं, भाषा माझीच. मी वाटू दिलं.

"सर, माझं नाव चुकून गळलं का हो?"

"हो गं, पुढच्या आवृत्तीत घालतो."

पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या. तिने परत विचारलं नाही, आणि परत काही लिहून कुणाला दिलंही नाही. गेल्या वर्षी ती वारली. प्रोग्राम अजून चालतो. त्याच्या पोटात तिची भाषा निनावी राबते आहे.

संध्याकाळी रंग वाळला होता, तरी त्या बाकावर मला बसवलं नाही.

शरयू, नाव चुकून गळलं नव्हतं. मी खोडलं होतं. मला माफ कर.