काटापूजनाची बातमी

समस्त वाचकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बायकोची लेखी परवानगी नसताना, मी बातमीदार झालो.

त्याआधी अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझं खताचं दुकान होतं, आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांत मी खलनायक असे. दुकान धाकट्या भावाने घेतलं, खलनायकाचे गुडघे कुरकुरू लागले, आणि गोंदियाच्या एका दैनिकाला तालुक्यात वार्ताहर हवा होता. संपादकांनी ओळखपत्र दिलं आणि एकच मंत्र दिला, "भाऊ, आँखों देखा लिखना, बस." इतकी सोपी नोकरी मी ऐकली नव्हती.

पहिली बातमी इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावात सापडली. धान खरेदी केंद्रावर काटापूजन होतं. वजनकाट्याला हार घातला, नारळ फुटला, पाहुणे बोलले. एका शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवलं, वजन मोठ्याने पुकारलं, टाळ्या झाल्या. मग तेच पोतं दोघांनी उतरवून त्याच्याच सायकलवर परत ठेवलं. हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाटलं, गोदाम लांब असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावासकट छापून आलं : 'धान खरेदीला थाटात प्रारंभ'. कात्रणाचा फोटो सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तरात जोडलेले दोन हात आले, आणि मी दिवसभर रस्त्याच्या मधोमध चाललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या चौकीदाराचा फोन आला. तुमचे सासरे ट्रॅक्टरभर धान घेऊन आले आहेत, पोती उतरवली आहेत, ट्रॅक्टर परत गेला आहे, आणि केंद्राला कुलूप आहे. बाहेर पाहिलं तर आभाळ गच्च भरलेलं.

मी पोचलो तेव्हा सासरे चाळीस पोत्यांवर शांत बसले होते. चौकीदाराने मला बाजूला घेऊन शिकवणी दिली. काटापूजन वेगळं आणि खरेदी वेगळी. पूजन मुहूर्तावर होतं. खरेदी बारदाना, म्हणजे सरकारी रिकामी पोती आली, गोदाम रिकामं झालं की होते. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण वजन तर झालं होतं, मी म्हणालो.

"तो फोटोसाठी होता न जी," तो म्हणाला.

माझं डोकं चालेना. लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मग बातमी खोटी कशी निघाली? संपादकांना फोन करून चूक कबूल केली, तर ते खूश झाले. खुलासा कशाला, म्हणाले, कुलपासमोर सासऱ्यांचा फोटो काढून पाठवा, दुसरी बातमी तयार आहे. म्हणजे आधी मी सासऱ्यांना उघड्यावर आणायचं, आणि मग ते उघड्यावर कसे, हेही मीच विचारायचं. कोणावर रागवावं, तेच कळेना. फोटो मात्र काढवला नाही.

एवढ्यात थेंब पडू लागले. गावातल्या ताडपत्र्या ज्याच्या त्याच्या घरच्या धानावर गुंतलेल्या. मला आमच्या नाटकाचा राजवाड्याचा पडदा आठवला, जाड कापडाचा, वर तेलरंगाचे थरावर थर. मोटरसायकलवर घरून आणला आणि चौकीदाराच्या मदतीने पोत्यांवर ओढला. चाळीस पोती संगमरवरी खांबांखाली गेली, आणि सासरे सिंहासनाला टेकून बसले. पाऊस पडदा भिजवून निघून गेला. मी हात घालून पाहिलं, धान कोरडं होतं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गावातल्या दुसऱ्या कोणीच एकही पोतं आणलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. सासऱ्यांचा तर जन्म धानात गेलेला. त्यांनी किती काटापूजनं पाहिली असतील. मी भीतभीत विचारलं, मामाजी, मग तुम्ही कसे फसलात?

ते एकदम बोलून गेले, "मले का समजत नाही का जी काटापूजन? पेपरात तुमचा नाव होता न, जवाई, म्हून आनलो."