आर्विड लाम्पीशी संपर्क साधा

आर्विड लाम्पीला मी सव्वीस वर्षं तोंडावर शिव्या घातल्यात, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. माणूस हट्टी, तिरसट आणि वर घुम्या. अरे, तिरसट माणसाने निदान भांडावं तरी! हा सकाळी यायचा, "कॉफी आहे?" एवढं विचारायचा, आणि मग दिवसभर त्या कोंदट खोलीत कॉम्प्युटरपुढे नाहीतर पंपांच्या मागे. आमचं मत्स्यबीज केंद्र कोलंबिया नदीच्या मुखाजवळ, एका लहान नदीच्या काठी. अकरा हौद आणि तीन माणसं. मी डोरीन, हौद बघते, पिल्लांना खायला घालते, मेलेली वेचते. कर्टिस आमचा साहेब, माझ्या थोरल्या लेकापेक्षा लहान. बाकीचं सगळं आर्विडकडे.

तो मूळचा लाकडाच्या गिरणीतला डिझेल मेकॅनिक. गिरणी बंद पडली तेव्हा इकडे आला आणि लिनक्स नावाची कॉम्प्युटरची प्रणाली पुस्तकं वाचून शिकला. त्याची बायको हेल्मी म्हणायची, "नवऱ्याने मला सवत आणलीय, काळ्या पडद्याची." पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा, कमी झाला की हवेचे पंप वाढवायचे, हे सगळं कॉम्प्युटर करायचा, आणि त्यासाठीची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, आर्विडने स्वतः लिहिली होती. अठरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कामाला आलेल्या एका शहाण्याने त्यातला एक आकडा बदलला आणि एक अख्खा हौद मेला. मी दोन दिवस जाळीने मासे काढत होते. तेव्हा आर्विडने ती स्क्रिप्ट कंपाइल करून टाकली.

"म्हणजे काय केलंस?" मी विचारलं होतं.

"साधी स्क्रिप्ट कुणीही उघडून वाचतो, खोडतो. आता ती बंद झाली. चालेल, पण आत काय आहे ते दिसणार नाही."

"लोणच्याची बरणी केलीस म्हण की."

"बरणी उघडते, डोरीन. ही उघडत नाही." आणि स्वारी स्वतःवर खूश होऊन निघून गेली.

मार्चमधल्या त्या मंगळवारी हौदांत कोहो सामनची दोन लाख दहा हजार पिल्लं होती. बोटाच्या पेराएवढी. आमच्या नदीत त्या जातीचे मासे परत यायचे जवळजवळ थांबलेत, त्यामुळे जे काही होतं ते आमच्या अकरा हौदांत होतं. सकाळी आठला मी खाणं घेऊन गेले तर पंपांचा आवाज नाही. मला आधी कळेचना काय कमी आहे ते. मग हातातलं खाणं टाकून आर्विडच्या खोलीकडे पळाले.

जुना कॉम्प्युटर गेला होता. कायमचा. त्याच्या डिस्कमधून खडखड येत होती आणि स्क्रिप्टची वाचता येईल अशी एकमेव प्रत त्याच डिस्कवर होती. पंपांची पेटी नवी बसवली तेव्हा हाताने चालवायचा खटका काढून टाकलेला, त्यामुळे पंप कॉम्प्युटरशिवाय कुणाचं ऐकत नव्हते. वीजवाला सत्तर मैलांवरून निघाला होता, तो तीनच्या आत येत नव्हता. आम्ही ऑक्सिजनची नळकांडी हौदांना जोडली. कर्टिसने हिशेब केला आणि म्हणाला, "एक वाजेपर्यंत पुरतील. फार तर सव्वा."

"वीस मिनिटं द्या मला," आर्विड म्हणाला. शाळेने मोडीत काढून आम्हाला दिलेला एक कॉम्प्युटर कपाटात होता, त्यात लिनक्स होतं. बंद केलेली स्क्रिप्ट त्याच्या पेन ड्राइव्हवर होती. पेन ड्राइव्ह लावला, स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर आलं: परवानगी नाकारली.

"हे नेहमीचंच," तो म्हणाला. "फाइलला चालायची मुभा द्यायला लागते." मुभा दिली. परवानगी नाकारली. मग यंत्राचा मालक म्हणून, सगळे अधिकार घेऊन चालवली. परवानगी नाकारली.

"मालकालाच नाही म्हणतंय?" मी म्हटलं.

"तू हौदाकडे जा."

"जाते, पण तू घाम पूस. कळफलकावर ठिबकतोय."

मी हौदाकडे गेले. बादलीने पाणी उपसायचं आणि उंचावरून पुन्हा हौदात ओतायचं, तेवढीच हवा मिसळते. कर्टिस एका हाताने बादली मारत होता, दुसऱ्या हाताने फोन कानाला. पिल्लं नदीत सोडून द्यावीत असं त्याच्या मनात आलं होतं. पण मासे राज्याचे, आमचे नव्हेत. एवढी लहान सोडायची तर मत्स्य खात्याची लेखी परवानगी हवी. अकरा वाजल्यापासून त्याच्या फोनमध्ये नुसतं संगीत वाजत होतं.

"अजून कुणी उचलत नाही?" मी विचारलं.

"तुम्ही रांगेत चौथे आहात, म्हणतायत."

"मेल्यांनो, मासे रांगेत आहेत का?" दोन नंबरच्या हौदात पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली होती. हजारो इवलीइवली तोंडं. अशी वर आली की मग फार वेळ उरत नाही.

बाराला मी पुन्हा आर्विडच्या खोलीत गेले. तो एकेक फोल्डर तपासत होता, कोण अडवतंय ते शोधत होता, आणि काही सापडत नव्हतं.

"बास झालं," तो एकदम म्हणाला. "सगळं मोकळं करतो." आणि मुळापासून शेंड्यापर्यंत, त्या यंत्रातल्या एकूण एक फाइलला त्याने सात-सात-सात देऊन टाकलं. म्हणजे कुणीही वाचा, कुणीही बदला, कुणीही चालवा. एरवी दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर आर्विडने त्याला नदीत ढकललं असतं.

पडदाभर ओळी धावल्या. मग त्याने पुन्हा स्क्रिप्ट चालवली. परवानगी नाकारली. मालक होऊन चालवायला गेला, तर आता मालकच होता येईना. त्याने तीन वेळा करून पाहिलं आणि मग हात मांडीवर ठेवून बसला.

"काय झालं?"

"मालकाचे अधिकार देणारा जो प्रोग्राम असतो ना, त्याची खास खूण मी पुसून टाकली. सगळ्यांना सारखं करताना त्यालाही सारखं केलं. आता ह्या यंत्रात मालक कुणीच नाही." तो माझ्याकडे बघेना. "शिकाऊ पोरंसुद्धा हे करत नाहीत, डोरीन."

मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण तोंडातून भलतंच निघालं. "ती फाइल दुसरीकडे ठेवून बघ ना."

"काय?"

"माझा जुना स्टोव्ह ओट्यावर पेटत नाही, फरशीवर ठेवला की पेटतो. मला काय कळतंय? ठेवून बघ."

त्याने कपाळावर हात मारला. "शाळेचं यंत्र! पोरांनी पेन ड्राइव्हवरून खेळ चालवू नयेत म्हणून त्यांनी पेन ड्राइव्हवरचं काहीही चालायला बंदी करून ठेवलीय. अगं, फाइल ठीकच होती, जागा वाईट होती." चार तास! त्याने फाइल उचलून कॉम्प्युटरच्या आत ठेवली आणि चालवली. 'परवानगी नाकारली' आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण पंप लागले नाहीत. पडद्यावर एक नवीन ओळ आली होती. मी ती मोठ्याने वाचली. "मुदत संपली आहे. आर्विड लाम्पीशी संपर्क साधा."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

"अरे, पण आर्विड लाम्पी तूच ना?"

"हो."

"मग साध की संपर्क!"

त्याने चष्मा काढला आणि दोन्ही तळहातांनी चेहरा झाकला. मला वाटलं हसतोय. मग तो बोलायला लागला, आणि इतकं एका दमात तो आयुष्यात कधी बोलला नसेल.

"कंपाइल करताना मुदत घालता येते. मी पंधरा वर्षं घातली. बासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं ना. म्हटलं, पंप चालतायत तोवर पंपवाल्याची आठवण कोण काढतंय? मी गेल्यावर एक दिवस ती स्क्रिप्ट बंद पडेल, मग तुम्ही फोन कराल. मी येईन. पाच मिनिटांत चालू करून देईन. कुणीतरी कॉफी देईल." त्याने नाक पुसलं. "मग हेल्मी गेली. घरी बसून काय करू? गेलोच नाही. तारखेचं तर डोक्यातूनच गेलं."

"पण बासष्ट होऊन तीन वर्षं झाली! इतके दिवस कशी चालली?"

"मुदत ती फक्त सुरू होताना बघते. आणि जुना कॉम्प्युटर तीन वर्षांत एकदाही बंद पडला नाही. मी तेच सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो."

माझ्या हातात बादली होती. तिच्यातलं पाणी माझ्या बुटावर सांडत होतं.

उपाय त्याला माहीत होता. घड्याळ चार वर्षं मागे न्यायचं, बस्स. पण घड्याळाला हात लावायला मालकाचा अधिकार लागतो, आणि तो त्याने तासाभरापूर्वी स्वतःच मोडला होता. यंत्र पुन्हा सुरू करून आत शिरायला गेला, तर पायरीपायरीवर शाळेचा पासवर्ड. शाळेतला ज्याला तो ठाऊक होता तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. आर्विडने झाकण उघडून आतली घड्याळाची बॅटरी उपटली. वेळ हलली, पण लिनक्सने सुरू होताच ती स्वतःच पुढे ओढून घेतली. मुदत संपली आहे. आर्विड लाम्पीशी संपर्क साधा. स्क्रिप्ट आठवून नव्याने लिहायची नाहीतर कर्टिसच्या लॅपटॉपवर लिनक्स चढवायचं म्हटलं तर तास लागला असता, आणि एक वाजायला दहा मिनिटं होती.

बाहेरून कर्टिसची हाक आली. आम्ही धावलो. दोन नंबर पांढरा पडला होता. पाण्यावर पोटं वर करून पिल्लांचा थर, कुठे एक शेपूट हलतेय, बस्स. पाच नंबरही वर आला होता. नळकांडी फुसफुसत होती. कर्टिस बादली टाकून हौदाच्या काठावर बसला होता आणि त्याच्या कानाला अजून फोन होता.

आर्विडने एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग भिंतीवरचा लोखंडी आकडा काढला आणि पहिल्या हौदाच्या तोंडाशी गेला. तिथे पाणी अडवायला फळ्या घातलेल्या असतात. त्या उचलल्या की हौद पाटात आणि पाट नदीत.

"आर्विड, थांबा!" कर्टिस ओरडला. "उत्तर यायचंय! मी रांगेत दुसरा आहे!"

"मी थांबतो. त्यांना विचार थांबतायत का."

त्याने फळी उचलली. पिल्लं काळ्या धारेसारखी निघाली. पुढे चौकशीत याच फळ्यांपायी त्याची नोकरी गेली. कॉम्प्युटरचं कुणी विचारलंही नाही. मी दुसरा आकडा घेतला. कर्टिस "अरे देवा, अरे देवा" करत होता, पण आम्हाला त्याने अडवलं नाही. दहाही हौद रिकामे केले. दोन नंबरला हात लावायचं कारण नव्हतं.

आणि मग पाटाच्या तोंडाशी काय असणार? नेहमीचीच मंडळी. बगळे ओळीने उभे, पाणबदकं बुड्या मारतायत. एरवी एखाददुसरं पिल्लू निसटतं, त्यावर यांचा डोळा असतो. आज तर पंगतच मांडली होती आम्ही. एकेक बदक चोचीत तीन-तीन घेऊन वर येत होतं.

आर्विड कपड्यांनिशी नदीत उतरला. मार्चमधली आमची नदी, बर्फ वितळून आलेलं पाणी. पासष्ट वर्षांचा माणूस, छातीत दोन स्प्रिंगा घातलेला. कमरेपर्यंत गेला, कोट काढला आणि डोक्यावर गरागरा फिरवायला लागला. "हुश! हट! चला, निघा!" त्याचा आवाज फाटत होता.

"आर्विड, वर ये! मरशील!"

"तू उजवीकडचे हाकल!"

"अरे, शंभरातली दोन जगतील यातली! एवढीशी आहेत ती!"

"त्या दोन कुठल्या ते तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी बादली घेऊन पाण्यात शिरले आणि आकड्याने तिच्यावर बडवायला लागले. गुडघ्यांत कळ आली, मग पाय बधिर झाले. पिल्लं माझ्या पायांना लागून जात होती, हजारोंनी. काही आडवी होऊन वाहत होती. मी ओरडत होते, रडत होते, काय काय बोलत होते ते आता आठवत नाही. बगळे उडायचे आणि दहा पावलांवर पुन्हा बसायचे.

किती वेळ गेला कोण जाणे. कर्टिस काठावर धावत आला. फोन हातात, चेहरा पांढराफटक.

"लागला फोन! बोलले! नाही म्हणतायत! परवानगी नाही!"

आर्विडने कोट फिरवायचा थांबवला. मान वळवून कर्टिसकडे बघितलं आणि हसायला लागला. एवढ्या वर्षांत मी त्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं. हसता हसता त्याला श्वास पुरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. ओठ निळे पडले होते. मी त्याच्या दंडाला धरलं तर त्याने हात सोडवून घेतला.

"मी बरा आहे," तो म्हणाला. "तू वाजव."

वरच्या अंगाला आणखी तीन बगळे उतरत होते. मी बादली वाजवायला घेतली.