इस्त्रीवालीचा फोटो

नोकरी संपली की माणसं दारात खुर्ची टाकून बसतात, नातवंडांच्या मागे धावतात, गेला बाजार गुडघ्यांना तेल तरी चोळत बसतात. मास्तर आणि मास्तरीणबाईंनी यातलं काहीच केलं नाही. मास्तरांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली होती, बाई दवाखान्यात नर्स होत्या. दोघंही मोकळी झाल्यावर त्यांनी घराला कुलूप ठोकलं आणि आपल्या चर्चच्या मंडळीच्या मिशनवर परदेशी निघाली. लेक म्हणाली, "साठी बुद्धी नाठी." बाई म्हणाल्या, "नाठी तर नाठी, बॅग धर."

परक्या गावात प्रार्थनाघराच्या माडीवर त्यांना दोन खोल्या मिळाल्या. वर जायला बाहेरून लोखंडी जिना, पाय ठेवला की साऱ्या गल्लीला कळणार. सकाळी मास्तर खालच्या खुर्च्या पुसून ओळीत लावायचे. बाई पट्ट्यांची पिशवी घेऊन घरोघरच्या आजाऱ्यांकडे जायच्या, जखमा धुवायच्या, पाठी पुसून द्यायच्या. दुपारी दोघं तिथली भाषा घोकायची आणि त्यावरून भांडायची. संध्याकाळी मोजकी माणसं प्रार्थनेला यायची, त्यातली निम्मी बाईंना दुखणं दाखवायला.

जिन्याच्या समोरच एका इस्त्रीवालीचं दुकान होतं. बाईंच्याच वयाची विधवा, हातावर जुन्या चटक्यांचे डाग आणि जीभ इस्त्रीहून गरम. कोणता भाजीवाला खालची सडकी भाजी गळ्यात मारतो, कोणत्या घरी कुत्रा सोडलेला असतो, हे सगळं बाईंना तिनंच शिकवलं. प्रार्थनेला मात्र ती कधी आली नाही. "तुमचा देव तुमच्यापाशी, माझी इस्त्री माझ्यापाशी," असं तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. बाईंना ते आवडलं. परक्या मुलखात सगळी माणसं एक तर आदर दाखवायची नाही तर संशय, मैत्रीण म्हणावी अशी ही एकटीच भेटली. आजाऱ्यांकडून परतताना तिच्या दुकानातल्या स्टुलावर टेकल्याशिवाय बाईंचा दिवस सरत नसे.

आता कपड्यांच्या गाठोड्यांची गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना कोणाचंही डोकं फिरेल. मायदेशी मंडळीत वरचेवर कपाटं रिकामी करायची मोहीम निघायची. तिची प्रमुख म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, बाईंची नणंद. घरबसल्या उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गरिबांसाठी म्हणून जे यायचं ते काय यायचं? चेन तुटलेल्या पँटी, एकाच पायाचे मोजे, कोपरं झिजलेले स्वेटर. एकदा तर पोहायचा पोशाख निघाला, तोही फाटका. कचरापेटीत टाकताना लाज वाटली म्हणून पाठवलेला हा माल! बाई रोज बटणं लावायच्या, मास्तर धुवायचे. इस्त्रीवालीनं एकदा ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"असलं चुरगळलेलं कोणाला देताय? घेणाऱ्याला काही मान आहे की नाही?"

तिनं गाठोडं ओढून घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढून सगळे कपडे फुकट कडक करून दिले. पुढच्या गाठोड्यांच्या वेळीही तेच केलं. अशाच एका दुपारी एक तपकिरी कोट उजेडाकडे धरून ती डाग राहिला का ते बघत होती. दारात मास्तर उभे होते. चित्रकलेच्या मास्तरांचा डोळा तो. खिडकीतलं ऊन तिच्या गालावर असं काही पडलं होतं की त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि 'बघ काय प्रकाश आहे' असं लिहून बहिणीला धाडला. ज्याच्या डोक्यात प्रकाशाशिवाय दुसरं काही नसतं अशाच माणसाच्या हातून असली चूक होते.

नणंदबाईंनी प्रकाश बघितला नाही. त्यांनी फोटो दाराएवढा मोठा करून प्रार्थनेच्या सभागृहात भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, 'हिच्या अंगावर घालायला काही नव्हतं. तुमच्या कोटानं हिला ऊब दिली.' मिशनच्या कार्यालयाला ते इतकं भावलं की त्यांनी ती ओळ इस्त्रीवालीच्या भाषेत करून फोटोसकट इंटरनेटवर टाकली.

गावात ते पसरायला कितीसा वेळ लागणार? एका गिऱ्हाइकानं इस्त्रीवालीला विचारलं, "कोट बसला का नीट?" दुसरी एक बाई जुना सदरा ठेवून गेली. इस्त्रीला नाही, "तुम्हालाच असू द्या," म्हणून. जिनं आयुष्यात कोणाची उसनी सुई घेतली नव्हती तिला!

त्या संध्याकाळी बाई नेहमीसारख्या स्टुलाकडे वळल्या तर स्टूल उचललेलं होतं. इस्त्रीवालीनं मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "अंगावर काही नव्हतं माझ्या?" एवढंच म्हणाली आणि अर्धवट राहिलेलं गाठोडं जिन्याच्या पायरीवर आणून ठेवलं. त्यानंतर बाई दिसल्या की ती पाठ फिरवायची.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर बिचारे एवढंसं तोंड करून बसले. "मी फक्त प्रकाश..." म्हणाले. बाईंनी मिशनच्या साहेबांना फोन लावला, तर साहेब गोड आवाजात म्हणाले, "त्या फोटोनं केवढं काम केलंय! या खेपेला दुप्पट गाठोडी येताहेत. थोडं सोसायला हवं, सेवा आहे." सोसायचं कोणी? इस्त्रीवालीनं. आणि सेवा कोणाच्या नावावर? आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! बाईंना आता एकच हवं होतं. तो फोटो भिंतीवरून उतरला पाहिजे आणि ते स्टूल परत खाली आलं पाहिजे.

रविवारी उपासना झाली की मायदेशची सगळी मंडळी पडद्यावर या दोघांना बघायची. मास्तर चार शब्द बोलायचे, बाई हात जोडायच्या, असा रिवाज होता. त्या रविवारी बाईंनी मोबाइल मास्तरांच्या हातातून काढून घेतला.

"अगंबाई, आज वहिनी बोलणार!" नणंद हरखली. तिच्या मागे भिंतीवर इस्त्रीवाली कोट धरून उभी होती.

"बोलते की. वन्सं, तुमच्या पाठीमागचा तो फोटो आधी उतरवा."

"अगं..." मास्तर कुजबुजले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुमच्या त्या प्रकाशापायी हे सगळं झालंय."

नणंद हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "वहिनी, अहो हेतू चांगला होता. लोक रडले फोटो बघून."

"रडले आणि फाटक्या पँटी पाठवल्या! त्या बाईला कोट नव्हता हे तुम्हाला सांगितलं कोणी? तुमच्या-माझ्याहून चांगला कोट आहे तिच्याकडे. तुमच्या चिंध्यांना माणसात आणते ती, फुकट, आणि तिलाच तुम्ही भिकारीण केलीत?"

सभागृहात कोणीतरी खाकरलं. नणंदेनं आवाज खाली आणला. "ही घरातली गोष्ट आपण मागाहून बोलू."

"खोटं चारचौघांत टांगलंत ना? मग खरंही चारचौघांतच बघा. थांबा, दाखवतेच!"

आणि बाई मोबाइल उंच धरून जिना उतरल्या. मागून मास्तर "अगं, जपून!" करत धावले. गल्ली ओलांडून बाई थेट दुकानात शिरल्या.

"बघा सगळ्यांनी! हे हिचं दुकान. ही शर्टांची थप्पी बघा, हे गिऱ्हाईक ताटकळलंय बघा! आणि ही ती, जिच्या अंगावर म्हणे काही नव्हतं!"

इस्त्रीवालीनं मान वर केली. मोबाइलच्या काचेत एक सभागृह भरून माणसं तिच्याकडे टक लावून बघत होती. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"परत?" ती म्हणाली.

"नाही हो, मी तुमच्याच बाजूनं..."

"मला विचारलंत?"

बाईंचा मोबाइल धरलेला हात थोडा खाली आला.

"तेव्हा त्यांनी विचारलं नाही," तिनं दारातल्या मास्तरांकडे बोट केलं. "आज तुम्ही."

तेवढ्यात मोबाइलमधून नणंदेचा आवाज आला, "वहिनी, चेहरा नीट दिसत नाहीये, जरा जवळ घ्या ना!"

इतके दिवस बाईंना सगळ्यांचा राग आला होता. नणंदेचा, साहेबांचा, मास्तरांचा. प्रत्येक राग खरा होता, पण आता जो आला तो स्वतःचा, आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. नणंद बोलत होती तशीच बाईंनी तिला बंद केलं. मोबाइल मास्तरांच्या हातात कोंबला. दुकानातून मागे सरून त्या उंबऱ्याबाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ताटकळलेलं गिऱ्हाईक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतं.

"येऊ का आत?" बाईंनी विचारलं. इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं.

इस्त्रीवालीनं पुढचा शर्ट पसरला, त्यावर पाणी शिंपडलं, कॉलर सरळ केली.

"गिऱ्हाईक आहे," ती वर न बघता म्हणाली. "त्याचं होऊ दे, मग बघू."

बाई गिऱ्हाइकाच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.