जांघेतली नाडी

अन्याय झाला तो माझ्या परतूरच्या मावशीवर. अठ्ठ्याहत्तर साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भर दुपारी, जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात. करणारा कुणी दुष्ट नव्हता, म्हणून तर चीड जास्त येते.

सकाळपासून मावशी चक्कर येऊन पडत होती. जालन्याला आणेपर्यंत शुद्ध गेली. नाडी इतकी सावकाश की एक ठोका लागला की पुढचा येतो का न्हाई, याच भीतीत आम्ही. दवाखान्यात नुकतंच एक यंत्र आलं होतं. छातीवर दोन चकत्या बांधायच्या आणि बाहेरून विजेचे झटके देऊन मंदावलेलं हृदय चालतं ठेवायचं. तरुण डॉक्टरांनी ते लावलं. मावशीचे खांदे, मान, छाती तालात उडू लागली. पडद्यावर उभ्या रेघा एकामागून एक बराबर उमटायला लागल्या.

डॉक्टर जांघेत नाडी बघायला वाकले, तोच उशाशी उभे असलेले तिचे थोरले दीर म्हणाले, "साहेब, बाईमाणूस हाय. तिथं न्हाई."

जन्मभर मावशीनं ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ते हे. त्यांनी स्वतः चादर तिच्या छातीपर्यंत ओढली. डॉक्टर वरमले, मानेला दोन बोटं लावून म्हणाले, लागतेय नाडी. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

माझा नाही. मी तिचे पाय धरून बसले होते आणि पाय गार पडत चालले होते. ओठ काळे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, पडदा बघा ना. मी तेव्हा बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरायचे; दीर म्हणाले, पत्रकं वाटून डॉक्टर होता येत न्हाई, बाई. हात पायावरून काढवेना, पण मनात भीतीही होती. खरंच चाललं असेल आणि माझ्या आरडाओरड्यानं त्यांनी यंत्र बंद केलं तर?

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. पाय बघितले, दिरांना बाहेर काढलं, चादर बाजूला केली, जांघेत बोटं दाबून थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"आहे ती हिची स्वतःची, चुकतमाकत," त्या म्हणाल्या. "यंत्राची एकसुद्धा नाही."

रेघा यंत्राच्या झटक्यांच्या होत्या. मान उडत होती ती स्नायूंनी, आणि बोटांना तीच नाडी वाटली होती. हृदय यात कुठंच नव्हतं. बाईंनी बोटं न काढता झटका वाढवायला लावला. वाढवला, अजून वाढवला. मग प्रत्येक रेघेमागून एक रुंद लाट उठायला लागली. त्यांनी माझी बोटं धरून तिथं ठेवली. लाट, ठोका. लाट, ठोका.

थोड्या वेळानं मावशी कण्हली. "छातीवर धोपाटणं कोण हानून राह्यलं गं?"

तिला औरंगाबादला हलवलं, ती घरी परत आली. चादरीचं कळल्यावर पदराआडूनच दिरांना म्हणाली, "बाप्पा, मी मेल्यावर ती लाज कुणाला घालणार व्हता?" ते खाली बघत राहिले.

तुम्ही खाली बघू नका. आज घरी सगळ्यांना समोर बसवा, सासऱ्यांनासुद्धा, आणि सांगा की वेळ आली तर तिथं हात लावू द्यायचा. आणि अशा यंत्राच्या उशाशी उभं राहायची पाळी आली तर पडद्यावर जाऊ नका, मानेवर जाऊ नका. विचारा, यंत्राच्या प्रत्येक झटक्याला जांघेत नाडी लागते का? उत्तर मिळेपर्यंत जागचं हलू नका.